दुपट्ट्याखालचा भाव

माझ्या कामात मी माणसांचे कान धरते. डाव्या कानाच्या आतल्या खोलगट जागेत एक छोटी क्लिप लावायची, तिची वायर टेबलावरच्या टिफिनच्या डब्याएवढ्या मशीनला जोडायची आणि मशीनचं बटण स्वतःच्या पायाशी ठेवायचं. समोर खुर्चीत लकवा होऊन गेलेला माणूस बसलेला असतो, त्याचा एक हात टेबलावर. पहिल्या दिवशी बहुतेक जण एकच विनोद करतात. शाळेत मास्तर कान धरायचे, आता म्हातारपणी तुम्ही धरता. मी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसते.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. "म्हणजे फिजिओच ना?" असं लोक विचारतात आणि मी हो म्हणते. समजावून सांगण्यापेक्षा हो म्हणणं सोपं जातं. या अंकासाठी कामाबद्दल लिही असं ज्यांनी सुचवलं, त्यांना मी हो म्हटलं तेही काहीसं तसंच. पण बोलण्यापेक्षा लिहिणं मला बरं जमतं. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, त्यामुळे चुका असतील. त्या सुधारून घ्याव्यात.

लकव्यात हात गेला असं आपण म्हणतो, पण हात कुठेच गेलेला नसतो. हाडं, स्नायू, नसा सगळं जागेवर असतं. मेंदूतला जो भाग हाताला हुकूम देतो, तो दुखावलेला असतो. मग मेंदूच्या उरलेल्या भागाला ते काम नव्याने शिकवावं लागतं, आणि शिकवण्याचा मार्ग कंटाळवाणा आहे. मूठ उघडा, पुन्हा उघडा, उघडत नसेल तरी उघडायचा प्रयत्न करा. कानाच्या त्या खोलगट जागेत मेंदूकडे जाणाऱ्या एका मोठ्या नसेची बारीक फांदी कातडीच्या अगदी जवळ असते. पेशंट बोटं उघडायला जातो त्याच क्षणी तिथे हलकासा करंट दिला, तर मेंदू त्या प्रयत्नाची जास्त दखल घेतो, अशी यामागची कल्पना. कापाकापी काही नाही. कानाला मुंग्या आल्यासारखं वाटतं, एवढंच. सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही, आणि मोठे डॉक्टरही अजून जपूनच बोलतात.

लोकांना वाटतं, करंट हात हलवतो. मी सांगते, हात तुम्हीच हलवायचा. मशीन फक्त वेळेवर शाब्बास म्हणतं. ते वेळेवर म्हणवणं माझ्याकडे. शाब्बासकी उशिरा पोचली तर ती कशाबद्दल होती हे मेंदूला कळत नाही. म्हणून माझी नजर सतत पेशंटच्या हातावर असते आणि पाय बटणावर. कातडीखाली एखादी शीर ताणली जाते, अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी थरथरतं, तेवढ्यात बटण दाबायचं. हे मला जमतं. लहानपणापासून मी गप्प बसून बघतच आले आहे.

अडचण एकच असते. बघणारी मी एकटी नसते.

आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. बायको येते, मुलगा येतो, साळा येतो, घरमालकसुद्धा येतो. सगळे टेबलाभोवती उभे राहतात आणि एकाच हाताकडे बघतात. "हालवा ना!" "अरे, हालवून राहिले ना ते!" "कुठी हालून राहिलं? मले तं नाई दिसत." आणि हात, जो आधीच आखडलेला असतो, तो आणखी घट्ट मिटतो. हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी स्टेजवर उभी राहिले होते तेव्हा पाठ केलेलं सगळं भाषण माझ्याजवळ होतं. समोरच्या नजरांनी ते मिटवून टाकलं.

आमच्या विभागात हे मशीन एकच आहे, आणि रांग मोठी. म्हणून विभागप्रमुखांनी, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो, एक नियम केला आहे. ठरावीक आठवडे झाले की ते स्वतः तपासणार. बोटांत नवी हालचाल दिसली तर उपचार पुढे चालू. नाही दिसली तर मशीन पुढच्या पेशंटला, आणि या पेशंटला साधे व्यायाम. नियम बरोबर आहे. पण नागपुरात मी राहते त्या नंदनवनमधल्याच एक बाई होत्या. तपासणीच्या दिवशी सगळं घर आलं होतं, आणि त्यांची मूठ शेवटपर्यंत उघडली नाही. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही खाली बघून वायर गुंडाळत राहिले.

त्यांच्यानंतर मशीन मिळालं ते शामरावजींना.

शामरावजी काटोलकडचे. स्वतःचा संत्र्याचा बगीचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला लकवा झाला. बोलणं लवकर परत आलं, पाय ओढत का होईना चालू लागला, उजवा हात मात्र मुठीत अडकून राहिला. ते आणि काकू एसटीने यायचे. आपल्याकडे पुरुष खांद्यावर टाकतात तो पांढरा दुपट्टा त्यांच्या उजव्या हातावर पसरलेला असायचा. काटोलपासून माझ्या टेबलापर्यंत तो हात कोणाला दिसू द्यायचा नाही, असा त्यांचा कायदा होता. खुर्चीत बसले की डाव्या हाताने उजवा हात उचलून ते टेबलावर ठेवत, दुसऱ्या कोणाचं तरी सामान ठेवावं तसं. मग मी दुपट्टा काढून काकूंकडे द्यायची.

"मॅडम, हा दसऱ्यापर्यंत चालू होईन का?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

दसराच का, असं मी विचारलं, तर उत्तर काकूंनी दिलं. "दसऱ्याच्या आगंमागं व्यापारी येतेत ना. उभा बगीचा घेतेत, झाडावरच्या फळासगट. दरसाल हेच विकतेत. आता पोरगा म्हणते, तुमी बसा घरी, मी मोबाइलवर फोटो पाठवून विकतो."

"फोटोले काय कळते भाव?" शामरावजी म्हणाले. "अन् माह्या हात नाई, तं माह्या भाव नाई."

मला वाटलं, हे दुखावलेल्या माणसाचं बोलणं आहे. त्याचा सरळ अर्थ असेल असं तेव्हा वाटलं नाही.

अर्धा पावसाळा तसाच गेला. आठवड्यामागून आठवडे मी कान धरत होते, ते कपाळाला घाम येईपर्यंत जोर लावत होते, आणि मूठ जशीच्या तशी. काकू मान पुढे काढून बघत. वेटिंगमधले लोकही दारातून बघत. पोळा जवळ आला. पोळ्यानंतरच्या सोमवारी सर तपासणार होते.

त्याआधीच्या आठवड्यात शामरावजींसोबत एक जण आले. काळासावळा, उंच, मिशीवाला माणूस. "हे लक्ष्मणराव," काकू म्हणाल्या. "व्यापारी हायेत. आमचा बगीचा बहुत खेपा यायनंच घेतला."

लक्ष्मणराव शामरावजींच्या समोरच्या स्टुलावर बसले. ते माझं स्टूल होतं, मी उभीच राहिले. मी क्लिप लावली, बटण पायाशी सरकवलं आणि नेहमीप्रमाणे दुपट्टा काढायला हात पुढे केला, तेवढ्यात लक्ष्मणरावांनी आपला हात त्या दुपट्ट्याखाली घातला.

"लाखावर," ते म्हणाले, आणि गप्प झाले.

शामरावजींनी त्यांच्याकडे बघितलं. मग एकदम शामरावजींचा चेहरा लाल झाला. "हट! चोर आहेस का गा तू?"

आणि दुपट्टा हलला.

लक्ष्मणराव स्टुलावरून अर्धे उठले. "अवं वहिनी! यानं माह्या हात झटकला! ह्या हातानं!"

मी घाईने दुपट्टा बाजूला केला. मूठ पुन्हा मिटलेली होती. सगळे वाकून बघत होते, आणि ती मिटलेलीच राहिली.

मग लक्ष्मणरावांनी मला ती पद्धत समजावून सांगितली. बाजारात आता उघडा लिलाव असतो, पण बगीच्यात उभ्या झाडांचा सौदा करताना जुने लोक अजून हातानेच भाव बोलतात. भोवती माणसं असतात, भाव सगळ्यांना कळू द्यायचा नसतो. म्हणून हातावर दुपट्टा टाकायचा. आकडा कशाचा ते तोंडाने सांगायचं, म्हणजे लाखावर की हजारावर. मग खालून समोरच्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. भाव पटला तर विकणारा हात घट्ट धरून ठेवतो. नाही पटला, तर हात उघडून झटकून टाकतो.

"मी दोन बोटं धरली होती," ते म्हणाले. "मस्करी म्हणून. चाराच्या खाली यानं कधी देल्ला नाई बगीचा."

पावसाळा लागल्यापासून मी शामरावजींना सांगत होते, बोटं उघडा. आणि या माणसाची बोटं आयुष्यभर एकाच कारणासाठी, चारचौघांच्या नजरेआड, जोरात उघडत आली होती. नाही म्हणण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी दुपट्टा काढला नाही. पण त्यामुळे माझीच पंचाईत झाली. हात दिसला नाही तर बटण कधी दाबायचं? दुपट्टा हलल्यावर दाबलं तर ते उशिरा. आदल्या रात्रभर मी या प्रश्नाभोवती फिरत राहिले होते, कारण उत्तर माहीत होतं आणि ते मला अवघड वाटत होतं. माझा हात दुपट्ट्याखाली जायला हवा होता.

तसे मी रोज कितीतरी हात हातात घेते. पण ते तपासायला. कोणाशी हाताने बोलायचं, आणि तेही वाद घालायचा, हे वेगळं होतं. मी स्टूल पुढे ओढलं, हात खाली घातला आणि शक्य तितक्या ठामपणे म्हटलं, "लाखावर."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

मिटलेल्या मुठीत बोट सारून मी त्यांचं एक बोट धरलं. शामरावजींनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, कीव होती. "मॅडम, एवढ्यात तं झाडाची पानं बी नाई येत."

"मग झटका," मी म्हटलं.

त्यांच्या हाताच्या पाठीवर माझी बाकीची बोटं टेकलेली होती. मला ते डोळ्यांनी कधीच दिसलं नसतं. कातडीखाली एक दोरी हळूच ताणली जावी तसं काहीतरी झालं आणि मी पाय दाबला. मूठ उघडली असं म्हणता येणार नाही. पण माझ्या बोटावरची त्यांची पकड सैल झाली. मी पुन्हा धरलं, पुन्हा तेच एक बोट. "काहून पिसाट भाव करून राहिल्या, बाई?" ते कळवळून म्हणाले, आणि पुन्हा ती दोरी ताणली.

तो आठवडा मी नागपुरातली सगळ्यात वाईट संत्रा व्यापारी होते. शामरावजी मला बगीच्याचं वर्णन सांगायचे, झाडं किती जुनी, पाणी कुठलं, साल कशी पातळ, आणि मी सगळं ऐकून घेऊन पुन्हा एकच बोट धरायची. काकू म्हणाल्या, "माह्या हात तं इतक्या वर्षांत इतका येळ नाई धरला यायनं." शामरावजी म्हणाले, "तू कधी भाव पाडला नाई ना." शनिवारपर्यंत चार बोटं खाली नीट सुटी होऊ लागली होती. दुपट्टा काढला की मात्र सगळं बंद. काकूंच्या मायेच्या नजरेपुढेही बंद.

आणि तपासणी तर सगळ्यांसमोर व्हायची होती.

सोमवारी सर आले ते विद्यार्थ्यांच्या घोळक्यासह. सर चांगले आहेत, फक्त कायम पुढच्या कामाच्या दिशेने तोंड करून उभे असतात. मी क्लिप लावली. दुपट्टा त्यांनीच उचलून बाजूला ठेवला.

"चला काका, बोटं उघडा बघू."

शामरावजींनी जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. विद्यार्थी पुढे झुकले. मूठ पांढरी पडेपर्यंत आवळली गेली.

"पुन्हा एकदा. सावकाश." पुन्हा तेच. सरांनी मनगट हलवून बघितलं, अंगठा ताणून बघितला आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "ठीक आहे. आपण प्रयत्न केला. पुढे कोण आहे?"

शामरावजींनी डाव्या हाताने दुपट्टा ओढून हातावर घेतला. ते माझ्याकडे बघत नव्हते. नंदनवनच्या बाईंनीही बघितलं नव्हतं.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही. "त्यांचा हात उघडतो. पण दुपट्ट्याखाली. तुम्हाला हात घालून बघावं लागेल."

एक विद्यार्थी हसला. सर म्हणाले, "हा काय जादूचा प्रयोग आहे का?" पण थांबले. मी पद्धत सांगितली, तुटक तुटक, दोन्ही कान तापलेले. बोटं कशी धरायची, आधी काय म्हणायचं. सरांनी घड्याळ बघितलं, मग स्टूल ओढून बसले आणि हात दुपट्ट्याखाली घातला.

"लाखावर," सर म्हणाले. त्यांना गंमत वाटू लागली होती.

आम्ही वाट बघितली. शामरावजींच्या चेहऱ्यावर हळूहळू इतका आनंद पसरला, की मला वाटलं, झालं. पण दुपट्टा हलला नाही. जरासुद्धा नाही.

"काही नाही," थोड्या वेळाने सर म्हणाले. "नुसतं घट्ट धरलंय. सोडतच नाहीत."

मग शामरावजींच्या चेहऱ्याकडे पुन्हा बघितलं आणि माझ्या लक्षात आलं.

"सर, तुम्ही किती बोटं धरलीत?"

"सगळा पंजा. म्हटलं, चांगला भाव द्यावा बिचाऱ्यांना."

"भाव जास्त झाला, सर. त्यांना पटला. पटला की सोडत नाहीत."

"सोडतेत काहून?" काकू मागून म्हणाल्या. "सौदा झाला! डॉक्टर सायबानं घेतला बगीचा!"

सर मोठ्याने हसले. विद्यार्थीही हसले, आणि शामरावजीही. सगळ्यांचं लक्ष त्या हातावरून जरा उडालं. "कमी द्या," मी म्हटलं. "अगदी कमी. लाज वाटेल इतका."

सरांनी हात पुन्हा नीट घातला. शामरावजींचं हसू ओसरलं. भुवया वर गेल्या. पाचावरून थेट एकावर आलेल्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी सरांकडे बघितलं.

"सायेब," ते म्हणाले, "तुमी डॉक्टर हाय म्हणून मी काई बोलून नाई राहिलो..."

माझा पाय बटणावर कधी गेला ते मला आठवत नाही. दुपट्टा उडाला, टेबलावरून घसरला आणि खाली पडला. आणि तो हात तिथे होता. बोटं सरळ नव्हती, मधलं तर बरंच वाकलेलं होतं, पण पंजा उघडा होता, सरांच्या हातापासून वेगळा, उजेडात. सगळे बघत होते. शामरावजींनीही खाली बघितलं. मला भीती वाटली की आता मिटेल. थोडा वेळ तो उघडाच राहिला. मग सावकाश मिटला, दमून मिटतो तसा.

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सर वाकले, त्यांनी दुपट्टा उचलला, झटकला आणि स्वतःच्या हाताने शामरावजींच्या हातावर नीट पसरला.

"पुन्हा," ते म्हणाले. मग मला विचारलं, "कमीच ना?"

"कमीच, सर."

मशीन शामरावजींकडेच राहिलं. मी घरी जाताना स्कूटर सिग्नलला उभी होती आणि हिरवा लागलेला मला कळलाच नाही. मागचा माणूस ओरडला तेव्हा लक्षात आलं की कितीतरी दिवसांनी माझे खांदे खाली आले आहेत.

हात पूर्ण बरा झाला असं मी लिहिणार नाही. शर्टाची बटणं त्यांना अजून लागत नाहीत, आणि सही डाव्या हाताची. पण हळूहळू दुपट्ट्याशिवायही बोटं सुटू लागली. आधी फक्त माझ्यासमोर, मग काकूंसमोर. आता आमच्या विभागाच्या कपाटात दोन धुतलेले पंचे असतात. बघणाऱ्यांपुढे ज्याचा हात मिटतो, त्याच्या हातावर एक टाकते. प्रत्येकाला संत्र्याचा भाव कळत नाही. कोणाला खाली नुसती घरची किल्ली देते, कोणाला काहीच नाही. काहींना उपयोग होतो. नंदनवनच्या बाईंना मी परत बोलवायला फोन केला होता. त्या मुलाकडे राहायला गेल्या आहेत, असं शेजारणीने सांगितलं. पत्ता तिच्याकडे नव्हता.

दसरा झाल्यावर एका सकाळी ओळख नसलेल्या नंबरवरून फोन आला. असे फोन मी सहसा घेत नाही. काटोलकडे कोणाला काही झालं असेल, शामरावजींना पुन्हा झटका आला असेल, असं मनात आलं आणि घेतला.

"मॅडम, लक्ष्मणराव बोलून राहिलो." आवाज चिडलेला होता. "तुमी हे काय करून ठेवलं, बाई?"

"काय झालं? काका बरे आहेत ना?"

"त्याले काय धाड भरली? काल बगीच्यात गेलो होतो. पोरगा मोबाइल घेऊन उभा, अन् हा दुपट्टा घेऊन बसला. मी म्हटलं, लकवा झालेला माणूस हाय, यंदा लवकर आटपन. तीन धरली, झटकलं. पुन्हा तीन धरली, पुन्हा झटकलं. चार धरली, मॅडम, चार! तरी झटकलं!"

"मग?"

"मग काय मग? अजून वर जा लागलं. किती ते नाई सांगत, दुपट्ट्याखालची गोष्ट हाय. पण तुमच्यापायी बगीचा महाग पडला मले."

सॉरी म्हणावं असं क्षणभर मनात आलं, सवयीने. पण मी ते म्हटलं नाही.